एका सेकंदाचे साठ तुकडे

पुढे. मग अंगठा क्षणभर सोडायचा. मग खाली, खालून तिरकं पुढे, आणि अंगठा त्या तिरक्या जागी टेकेल त्याच क्षणी दुसऱ्या हाताने त्रिकोणाचं बटण. जमलं तर पडद्यावरचा काझुया मिशिमा कमरेतून पिळवटून वर उसळतो, मुठीभोवती वीज कडाडते आणि समोरचा हवेत जातो. ‘टेकन’ खेळणारी मंडळी या गुद्द्याला नुसतं ‘इलेक्ट्रिक’ म्हणतात. यातलं ‘त्याच क्षणी’ अक्षरशः घ्यायचं. खेळ सेकंदाला साठ चित्रं दाखवतो. त्या प्रत्येक चित्राला म्हणायचं फ्रेम. तिरकी दिशा आणि बटण, दोन्ही एकाच फ्रेममध्ये नोंदली गेली पाहिजेत. बटण एका फ्रेमने मागे राहिलं तरी गुद्दा निघतो, पण वीज नसते. बिनविजेचा गुद्दा समोरच्याने अडवला तर उलट मार खायचा. विजेचा अडवला, तरी पुढची चाल मारणाऱ्याचीच.

एक फ्रेम म्हणजे साधारण सतरा मिलिसेकंद. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

हे सगळं मी पुण्यात, भाच्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, प्लेस्टेशन ५ वर करून पाहत होते. ‘टेकन ८’ मध्ये सरावाची सोय आहे आणि सरावात पडद्याच्या डाव्या कडेला तुमच्या बोटांची नोंद उमटत जाते: कुठला बाण, कुठलं बटण, कोणतं किती फ्रेम दाबलेलं होतं. ‘मी तर बरोबर दाबलं होतं’ हे वाक्य तिथे चालत नाही. माझ्या नोंदीत तिरका बाण आणि बटण एकाच ओळीत यायला तयार नव्हते. “अगं आत्या, बटणाची घाई करतेस. अंगठा पोचू दे की,” भाचा म्हणाला. मग थोड्या वेळाने, मोबाइलमधून डोकं वर न काढता, “आता उशीर करतेस.” त्याने पडद्याकडे पाहिलंही नव्हतं. आवाजावरूनच कळतं म्हणे. वीज आली तर आवाज वेगळा.

‘टेकन’चा जन्म डिसेंबर १९९४ मधला, जपानी आर्केडमधला. त्याच्या आदल्या वर्षी सेगाने ‘व्हर्च्युआ फायटर’ आणून मारामारीच्या खेळांना तिसरी मिती दिली होती. त्या खेळावर काम केलेले सेइची इशी पुढे नामको कंपनीत आले आणि पहिल्या ‘टेकन’चे दिग्दर्शक झाले. नामकोने एक धोरणी गोष्ट केली. आर्केडच्या पेटीत बसवलेला बोर्ड सोनीच्या प्लेस्टेशनच्याच घडणीचा घेतला. त्यामुळे १९९५ मध्ये खेळ घरगुती यंत्रावर आला तेव्हा त्यात फारसं काही गमवावं लागलं नाही. बटणांचा विचारही सरळ. ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये सहा बटणं होती, हलका-मध्यम-जोरदार गुद्दा आणि तशाच तीन लाथा. इथे चारच: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. नवख्यालाही पाच मिनिटांत कळतं. मग यादी उघडली की लक्षात येतं, एकेका पात्राच्या चाली शंभराच्या वर आहेत.

आपल्याकडे चाळिशीतल्या माणसासमोर ‘टेकन’ म्हटलं की त्याला आठवतो तिसरा भाग, १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर आलेला. कोल्हापुरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक पार्लर होतं. पार्लर म्हणजे शटरचा एक गाळा, तीन टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या. कंट्रोलरला सगळे रिमोट म्हणायचे. यंत्र बऱ्याचदा उलटं ठेवलेलं असायचं, कारण जुन्या प्लेस्टेशनची सीडी वाचायची लेन्स तापून घसरू लागली की तेच उलटं केल्यावर चालायचं. हा इलाज जगभर चालला. सीड्या कुठून यायच्या हे विचारायचं नाही. हरला तो उठला, हा एक नियम. दुसरा नियम एडीबद्दल. एडी गोर्डो हे ब्राझीलच्या कापोएराचं पात्र, त्याच्या हालचाली मार्सेलो परेरा या खऱ्याखुऱ्या कापोएरा गुरूंच्या अंगावरून टिपलेल्या. त्याची गोम अशी की लाथेची दोन बटणं डोळे मिटून बडवली तरी तो गिरक्या घेत समोरच्याला संपवायचा. म्हणून भांडणं नकोत म्हटल्यावर ‘एडी घ्यायचा नाही’.

हे मला दादाकडून ठाऊक. मुली तिथे आत जात नसत. कुणी बंदीची पाटी लावलेली नव्हती, लावायची गरजही नव्हती. दारात उभं राहून ‘दादा, आई बोलावतेय’ म्हणणं एवढाच माझा त्या खेळाशी संबंध. दादा ‘हा राउंड झाला की’ म्हणायचा आणि तो राउंड काही संपायचा नाही.

पार्लरमधल्या त्या जुन्या प्लेस्टेशनमध्ये मेमरी होती २ एमबी. प्लेस्टेशन ५ मध्ये १६ जीबी आहे, म्हणजे आठ हजार पट. तेव्हा पात्रांच्या हाताची बोटं ठोकळ्यासारखी दिसायची; आता घामाचा थेंब कपाळावरून ओघळताना दिसतो, फरशी फुटली की तुकडे वेगवेगळे उडतात. पण तिसरा ‘टेकन’ही सेकंदाला साठ फ्रेमनेच चालायचा आणि आठवाही साठनेच चालतो. सव्वीस वर्षांत सगळं बदललं, सेकंदाचे तुकडे तेवढेच राहिले. इलेक्ट्रिकला लागणारी नेमकेपणाची चूल तीच आहे, भांडी तेवढी नवी.

नव्या यंत्राने केलं काय, तर सबबी एकेक करून काढून घेतल्या. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं, किंमत ४९,९९० रुपये, आणि बरेच दिवस पैसे हातात असूनही मिळत नव्हतं. ‘टेकन ८’ आला २६ जानेवारी २०२४ ला आणि त्याने जुन्या प्लेस्टेशन ४ कडे पाहिलंच नाही. पूर्वी एक सामना हरून दुसरा सुरू होईपर्यंत थांबावं लागायचं, राग शांत व्हायचा. आता ‘पुन्हा’ म्हणेपर्यंत पुढची फेरी उभी. कुठली चाल किती फ्रेमची, अडवली गेली तर कुणाला किती फायदा, ही कोष्टकं पूर्वी खेळाडू स्वतः मोजून वह्यांत लिहून ठेवत. आता ती खेळातच. हरलेला सामना पुन्हा लावता येतो, मध्येच थांबवून कंट्रोलर हातात घेता येतो, आणि जिथे मार खाल्ला तिथे काय करायला हवं होतं ते यंत्र दाखवतं. ही सोय फार चांगली आहे. माझ्या शाळेत गणिताला कुणी अशी दिली असती तर आयुष्य वेगळं झालं असतं.

शिवाय एक ‘घोस्ट’ आहे. तुम्ही खेळत राहता तसं यंत्र तुमच्या सवयी शिकतं आणि तुमच्याचसारखा खेळणारा एक प्रतिस्पर्धी तयार करतं. माझा घोस्ट घाबरला की खाली बसतो आणि उठताना लाथ मारतो, प्रत्येक वेळी. मी असं करते हे मला ठाऊक नव्हतं. दोनचारदा त्याला हरवल्यावर मात्र कंटाळा येतो.

टीव्हीचीसुद्धा एक भानगड आहे. आजचे टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात ते उशिरा दाखवतात. काही संचांवर हा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या घरात जातो, म्हणजे सहा फ्रेम. सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ लावला की तो बराच उतरतो. घरोघरी कित्येक लोक ही गोष्ट न करता आपल्याला खेळ जमत नाही असं समजून बसले असतील. सराईत खेळाडू टीव्हीवर बसतच नाहीत, मॉनिटर आणतात.

सबबी संपल्या तरी खेळ अवघड का, याचं उत्तर बोटांपेक्षा डोळ्यांत आहे. साधा डाव्या हाताचा जॅब बहुतेक पात्रांना दहा फ्रेम घेतो, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात, बारा ते पंधरा फ्रेम. म्हणजे जॅब पाहून अडवता येतच नाही. तो येणार हे आधी ओळखावं लागतं. उभ्याने अडवलं तर खालची लाथ लागते, बसून अडवलं तर मधला फटका टाळक्यात. त्यात पकड. समोरचा पकडायला आला तर त्याच्या हातांकडे पाहायचं: एक हात पुढे असेल तर गुद्द्याचं एक बटण, दोन्ही असतील तर दोन्ही एकदम, तेही पकड पक्की व्हायच्या आत. काही चाली मुद्दाम संथ ठेवल्यात. ब्रायन फ्युरीची ‘स्नेक एज’ नावाची खालची लाथ येताना दिसते, अडवता येते, तरीही लोक ती खातात, कारण त्या वेळी त्यांचं मन जॅबची वाट पाहत असतं. खेळात खरी लढाई या वाट पाहण्यावर आहे. समोरच्याला कशाची सवय लावायची आणि ती नेमकी कधी मोडायची.

आणि ही विद्या घोस्ट शिकवत नाही, कोष्टकही शिकवत नाही.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे तालमीशिवाय सांगता येणार नाही. जोर-बैठका कुठेही मारता येतात. डावांची नावं पुस्तकात मिळतात. पण गंगावेशीत काय किंवा मोतीबागेत काय, पोरगा पैलवान होतो तो रोज पहाटे अंगावर येणाऱ्या जोडीमुळे, वेगवेगळ्या वजनाच्या, वेगवेगळ्या खोडीच्या. वस्तादाने दाखवलेला पट चार जणांवर चार तऱ्हेने बसतो किंवा बसत नाही. मातीत ज्याला जागा मिळाली तो शिकला. मुलींना ती फार उशिरा मिळाली, पार्लरमध्ये मिळाली नाही तशीच. एकट्याने पन्नास हजारांचं यंत्र घेऊन बसलेला माणूस आणि वर्गणीच्या मातीत रोज धूळ खाणारा माणूस यांच्यात कोण पुढे जाईल हे सांगायला कोल्हापूरकर लागत नाही. ‘टेकन’च्या दुनियेला मात्र हे २०१९ मध्ये कळलं, आणि कळवलं लाहोरने.

तोवर ‘टेकन’ म्हणजे कोरिया आणि जपान असा हिशेब होता. कोरियन लोकांनी मागे सरकण्याची एक युक्ती काढली होती, मागे उडी अर्ध्यात मोडून पुन्हा मागे, पुन्हा मोडून पुन्हा मागे. तिला जगभर ‘कोरियन बॅकडॅश’च म्हणतात. ‘नी’ या नावाने खेळणारा बे जे-मिन हा त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू. फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानच्या फुकुओकात ‘इव्हो जपान’ स्पर्धा भरली. तिथे लाहोरचा अर्सलान सिद्दीक, खेळातलं नाव अर्सलान ॲश, व्हिसाच्या आणि विमानांच्या गोंधळातून वाट काढत, थकलाभागलेला पोचला. कुणी त्याला ओळखत नव्हतं. त्याने स्पर्धा जिंकली. एकदा लागला असेल मटका, असं लोक म्हणेपर्यंत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास व्हेगासची मुख्य ‘इव्हो’ही जिंकली, अंतिम सामन्यात नीला हरवून. आणि वर सांगितलं की आमच्याकडे माझ्या तोडीचे आणखी आहेत.

नीला हे खरं वाटलं की नाही ठाऊक नाही, पण तो तपासायला स्वतः पाकिस्तानात गेला. तिथे ज्यांची नावंही त्याने ऐकली नव्हती अशा पोरांकडून भरपूर हरला. पुढे त्यातल्याच आतिफ बटने ‘टेकन वर्ल्ड टूर’ची अंतिम स्पर्धा मारली. अर्सलानने २०२३ मध्ये पुन्हा दोन्ही ‘इव्हो’ जिंकल्या आणि २०२४ मध्ये नव्या ‘टेकन ८’ वरही मुख्य स्पर्धा.

ही पोरं आली कुठून? टोकन टाकून खेळायच्या दुकानांतून. अर्सलान आधी ‘किंग ऑफ फायटर्स’ खेळायचा, मग ‘टेकन’कडे वळला. तिकडे इंटरनेट धड चालत नसे, म्हणून ऑनलाइन खेळण्यात अर्थ नव्हता. मग एकाच खोलीत, शेजारी बसून, तासन्‌तास एकमेकांशी. बाहेरच्या जगाने त्यांना पाहिलं नाही हे खरं, पण त्यांनी जगाचे सामने पाहिलेले होते. जी गोष्ट अडचण म्हणून सांगितली जाते तीच त्यांची तालीम झाली. आपल्याकडची पार्लरं याच काळात सायबर कॅफेंबरोबर मोडीत निघाली आणि त्यांच्या जागी मोबाइल रिपेअरिंगची दुकानं आली. मला याचं वाईट वाटतं, जरी मला त्या पार्लरने कधी खुर्ची दिली नाही तरी.

गंमत म्हणजे खुद्द ‘टेकन’नेच दुकान सोडलं आहे. मुख्य मालिकेतला आर्केडमध्ये न येता थेट घरी आलेला आठवा हा पहिलाच भाग. आणि त्याची भरपाई म्हणून खेळाच्या आत एक खोटं आर्केड बांधलंय. ‘आर्केड क्वेस्ट’ नावाच्या कथेत तुमची बाहुली काल्पनिक आर्केडमध्ये फिरते, अनोळखी पोरांना आव्हान देते, हळूहळू शिकते. नीटनेटकं आहे सगळं. उदबत्तीचा आणि घामाचा मिळून जो वास पार्लरला असायचा तेवढा नाही.

घरून खेळायला आता जाळं बरं झालंय, हे मान्य करायला हवं. पूर्वी दोन घरांमधला उशीर दोघांच्या बटणांवर लादला जायचा, बोटं चिखलात रुतल्यासारखी व्हायची. मग ‘रोलबॅक’ आलं. यंत्र समोरच्याचं पुढचं बटण अंदाजाने गृहीत धरून खेळ चालू ठेवतं आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन चित्र दुरुस्त करतं, इतक्या चटकन की बऱ्याचदा कळत नाही. ही कल्पना रुजवली टोनी कॅनन यांनी, २००६ मध्ये; ते ‘इव्हो’ भरवणाऱ्यांपैकीच एक. ‘टेकन ८’ मध्ये समोरचा वायफायवर आहे की तारेवर हे आधीच दिसतं, आणि वायफायवाल्याला लोक सरळ नाकारतात. भाच्याने पहिल्याच आठवड्यात हॉलभर निळी तार ओढली. घरमालकिणीने विचारलं तर ऑफिसच्या कामाला लागते म्हणाला.

तरीही दर रविवारी दुपारी त्याच्याकडे सातआठ जण जमतात. दोन प्लेस्टेशन, दोन मॉनिटर, तिसरा कुणीतरी बॅगेत घेऊन येतो. त्यात दोन मुली आहेत. एक हिंजवडीत नोकरी करते, रेइना घेते. मिशिमा घराण्याची कथा थोडक्यात सांगायची तर आजोबा हेइहाची यांनी पाच वर्षांच्या मुलाला, काझुयाला, कड्यावरून ढकललं. मुलाने मोठं होऊन बापाला ढकललं. बापाने मुलाला ज्वालामुखीत टाकलं. मुलाने सातव्या भागात परतफेड केली. आणि नातू जिन दोघांच्याही जिवावर. आपल्या भाऊबंदकीच्या कोर्टकचेऱ्या यापुढे सौम्य. रेइना ही आठव्या भागात आलेली हेइहाचीची लपलेली मुलगी, तिलाही घराण्याचा विजेचा गुद्दा येतो. हिंजवडीवालीचा तो दहात नऊ वेळा लागतो. मी विचारलं, किती दिवस घोटलास? ती म्हणाली, “घोटून फक्त सरावात येतो, मावशी. हा समोर बसून चिडवत असताना यायला लागला तेव्हा आला म्हणायचा.” ‘हा’ म्हणजे माझा भाचा. तो त्या दिवशी तिच्याशी एकही सामना जिंकला नाही.

मी खेळले तेव्हा मात्र सगळे अती सौजन्याने वागले आणि ते मला मुळीच आवडलं नाही. वयाने मोठी बाई आहे म्हणून पोरं हळू मारत होती. वय हा या खेळात मुद्दा नाही हे त्यांना मी ऐकवलं: २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत ‘स्ट्रीट फायटर ५’ चं सुवर्णपदक घेणारा कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता. त्यानंतर हिंजवडीवालीने मला भिंतीला लावून जी धुलाई केली ती बघण्यासारखी होती. माझं बसणं आणि उठताना लाथ मारणं तिने तिसऱ्या राउंडपर्यंत ओळखलं होतं. घोस्टला ते ओळखायला यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

चहाच्या वेळी मंडळींचं कुरकुरणं सुरू झालं. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने दुसऱ्या मोसमाचे बदल आणले आणि जगभर ओरड झाली. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानावर वाईट शेऱ्यांचा पाऊस पडला, घाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या. तक्रार अशी की अंगावर जाणाऱ्याला बक्षीस आणि सावरून खेळणाऱ्याला शिक्षा. ‘हीट’ नावाची ताकद आठव्या भागात आलीच होती, तीही याच हेतूने. विकायला सोपं जातं, बघायलाही. पण मागे सरून, वाट पाहून, चूक होताच पकडणं ही या खेळातली सर्वांत देखणी गोष्ट आहे, आणि तीच बाजूला सारली तर उरतो एडी. या बाबतीत मी पूर्ण पोरांच्या बाजूची. एकाने मात्र वेगळा सूर लावला: “मला बदल आवडले. निदान मी तरी जिंकतो आता.” त्याच्यावर बिस्किटाचा पुडा फेकण्यात आला.

आरडाओरड्याबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरींकडून दोनदा निरोप आला आहे. एका गेमिंग कॅफेत चौकशी केली, ताशी दर ऐकून परत आले. आता वर्गणी काढून वापरलेलं तिसरं यंत्र घ्यायचं आणि कुणाच्या तरी गॅरेजची जागा मिळवायची असं चाललंय. हिंजवडीवालीच्या काकांचा कर्वेनगरला एक रिकामा गाळा आहे, शटरचा. काकांची अट एकच, दिवाळीचा स्टॉल उठेपर्यंत थांबा, आणि भाडं आगाऊ.